व्हेरिएबल आणि डेटा टाइप: दूध संकलनाच्या हिशेबातून पायथनची ओळख

प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात केली की पहिल्याच दिवशी व्हेरिएबल आणि डेटा टाइप हे दोन शब्द कानावर पडतात. त्यांच्या व्याख्या पाठही होतात, आणि तरीही पुढे कित्येक महिने ज्या चुका हैराण करतात, त्यांतील पुष्कळशा याच दोन शब्दांपाशी येऊन थांबतात. याचे कारण असे की शिकवताना प्रकारांची यादी दिली जाते. परंतु समोर आलेल्या माहितीसाठी कोणता प्रकार निवडायचा आणि तो का निवडायचा, हे क्वचितच सांगितले जाते. हा निर्णय कसा घ्यावा, हे येथे गावातल्या दूध संकलन केंद्राच्या हिशेबाच्या आधारे पाहू. सभासदाचा क्रमांक, त्याचे नाव, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट वगळून दुधात उरणारे घन घटक), दर आणि दहा दिवसांनी निघणारा दुधाचा पगार, एवढ्या साहित्यात जवळजवळ सगळे मूलभूत प्रकार येऊन जातात.

उदाहरणांसाठी पायथन ही भाषा घेतली आहे. प्रोग्रामच्या ओळी येथे पूर्णपणे देवनागरीत लिहिल्या आहेत. परंतु संगणकावर टंकताना प्रिंट, इनपुट, फ्लोट असे पायथनचे स्वतःचे शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावेत आणि अंकही इंग्रजीच वापरावेत. व्हेरिएबलची नावे मात्र खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून ही सोय आहे, आणि ‘रक्कम’ किंवा ‘दर’ अशी नावे त्यात अडचणीशिवाय चालतात.

नाव आणि मूल्य

पुढच्या चार ओळी लिहून चालवून पाहाव्यात.

लिटर = ८.५
दर = ३५
रक्कम = लिटर * दर
प्रिंट(रक्कम)

पडद्यावर २९७.५ असे उत्तर येते. यातील ‘लिटर’, ‘दर’ आणि ‘रक्कम’ ही व्हेरिएबल आहेत, म्हणजे मूल्यांना दिलेली नावे आहेत. मधले चिन्ह बीजगणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखे दिसत असले तरी त्याचा अर्थ वेगळा आहे. बीजगणितात ते दोन बाजू समान असल्याचे विधान करते. येथे ते संगणकाला आज्ञा देते, की आधी उजवीकडचे गणित कर आणि आलेल्या मूल्याला डावीकडचे नाव दे. म्हणून ही ओळ नेहमी उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय लावून घ्यावी. तशी ती वाचली की ‘लिटर = लिटर + ६’ ही बीजगणितात अशक्य वाटणारी ओळ अगदी सरळ होते: सध्याच्या लिटरमध्ये सहा मिळवायचे आणि येणाऱ्या बेरजेला पुन्हा ‘लिटर’ हेच नाव द्यायचे. दोन मूल्ये समान आहेत का, असे विचारायचे असेल तेव्हा हेच चिन्ह लागोपाठ दोनदा लिहावे लागते.

ज्यांनी आधी एक्सेलमध्ये काम केले आहे, त्यांची येथे एक हमखास फसगत होते. वरच्या चार ओळींनंतर ‘लिटर = १०’ असे लिहिले आणि पुन्हा रक्कम छापली, तर ३५० येईल असे त्यांना वाटते; प्रत्यक्षात २९७.५ हेच येते. एक्सेलमधील सूत्र मूळ आकडा बदलताच पुन्हा मोजले जाते, परंतु येथे ‘रक्कम’ या नावाला सूत्र जोडलेले नसून त्या क्षणी निघालेले उत्तर जोडलेले आहे. नवे उत्तर हवे असेल तर गुणाकाराची ओळ पुन्हा चालवावी लागते.

व्हेरिएबल म्हणजे मूल्य ठेवण्याचा डबा, ही उपमा बहुतेक ठिकाणी शिकवली जाते. सी या भाषेसाठी ती बरीचशी योग्य आहे, कारण तेथे नावासाठी स्मृतीत ठरावीक आकाराची जागा खरोखरच राखली जाते. पायथनसाठी मात्र मला ती उपमा अपुरी वाटते, आणि त्याऐवजी वस्तूला बांधलेल्या चिठ्ठीची कल्पना करावी असे मी आग्रहाने सुचवेन. हा फरक यादीच्या वेळी उघड होतो.

सकाळ = [८.५, ७]
प्रत = सकाळ
प्रत.अपेंड(६)
प्रिंट(सकाळ)

डब्याची उपमा खरी असती तर ‘सकाळ’मध्ये दोनच आकडे राहिले असते. प्रत्यक्षात तीन आकडे छापले जातात, कारण दुसऱ्या ओळीने नवी यादी तयार केलेली नसून एकाच यादीला दुसरी चिठ्ठी बांधली आहे. स्वतंत्र यादी हवी असल्यास ‘प्रत = सकाळ.कॉपी()’ असे लिहावे.

नावे कशी ठेवावीत

नियम थोडे आहेत. नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही, नावात मोकळी जागा चालत नाही, दोन शब्द जोडायचे असल्यास मध्ये अधोरेषा घालतात, आणि इफ, फॉर, क्लास असे भाषेने स्वतःसाठी राखलेले शब्द नाव म्हणून वापरता येत नाहीत. रोमन लिपीत नाव ठेवल्यास लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, परंतु ऱ्हस्व-दीर्घ आहे. ‘पिशवी’ आणि ‘पीशवी’ ही पायथनच्या दृष्टीने दोन वेगळी नावे होत.

नियमांपेक्षा निवड महत्त्वाची आहे. ‘क’, ‘ख’, ‘ग’ अशी नावे लिहिताना वेळ वाचवतात आणि आठवड्याने वाचताना तो वेळ दुपटीने वसूल करतात. एककाचा उल्लेख नावातच करणे ही मला फार उपयोगी वाटलेली सवय आहे: ‘दर’ऐवजी ‘दर_पैसे’ किंवा ‘दर_रुपये’ असे लिहिले की रुपये आणि पैसे एकमेकांत मिसळण्याची चूक नजरेला लगेच टोचते. संकल्पना शिकत असताना देवनागरी नावे अवश्य वापरावीत, कारण लक्ष भाषांतराकडे न जाता विचाराकडे राहते. मात्र इतरांबरोबर मिळून काम करताना सर्वांना टंकता येतील अशी रोमन लिपीतील नावेच सोयीची पडतात.

अंकांत लिहिलेले सगळेच संख्या नसते

आता प्रकारांकडे वळू. एखाद्या मूल्याचा प्रकार पायथनला विचारण्यासाठी ‘टाइप(लिटर)’ असे लिहावे. उत्तरात फ्लोट, म्हणजे दशांशचिन्ह असलेली संख्या, हा शब्द येईल. ‘टाइप(दर)’ विचारल्यास इंट, म्हणजे पूर्णांक, असे उत्तर येईल. प्रकार म्हणजे केवळ मूल्याच्या दिसण्याचे वर्गीकरण नव्हे. त्या मूल्यावर कोणत्या क्रिया करता येतील आणि त्यांचा अर्थ काय असेल, हे प्रकार ठरवतो. म्हणून प्रकार निवडताना ‘हे कसे दिसते’ असे न विचारता ‘याचे मी काय करणार आहे’ असे विचारावे.

पिन कोड हे याचे उत्तम उदाहरण आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीने, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी असताना, आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. त्यातील पहिला अंक विभाग दाखवतो, म्हणून महाराष्ट्र आणि गोवा येथील पिन ४ या अंकाने सुरू होतात; पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दर्शवतात आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय सांगतात. दोन पिन कोडची बेरीज कोणीही करत नाही, सरासरीही काढत नाही. त्याचे तुकडे मात्र वाचावे लागतात, आणि तुकडे वाचणे हे मजकुराचे काम आहे. म्हणून पिन कोड स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अवतरणचिन्हांत, ठेवावा.

पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० हा तर पूर्णांक म्हणून ठेवताच बिघडतो. मजकुरातून पूर्णांक करताना पायथन त्याचे २० करते, कारण संख्येच्या दृष्टीने पुढच्या शून्याला काही अर्थ नसतो. संकलन केंद्रातील सभासद क्रमांक ०१७, मोबाइल क्रमांक, बँकेचे खाते, गाई-म्हशींच्या कानातील बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक, हे सर्व याच वर्गातले आहेत. एक्सेलमध्ये १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरल्यास शेवटचा अंक शून्य होतो, कारण तेथे संख्येचे १५ सार्थ अंकच जपले जातात. पैसे भलत्याच खात्याकडे पाठवण्याची तयारी अशा रीतीने नकळत होऊन जाते.

पूर्णांक

जे मोजून सांगता येते, त्यासाठी पूर्णांक वापरावा: सभासदांची संख्या, दिवस, दुधाचे कॅन. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार अपेक्षेप्रमाणे चालतात. भागाकाराकडे मात्र लक्ष द्यावे. एकेरी तिरक्या रेषेने केलेला भागाकार नेहमी फ्लोट देतो, अगदी १० भागिले ५ केले तरी उत्तर २.० येते. दोन तिरक्या रेषा दिल्या तर पूर्ण भागाकार मिळतो आणि टक्क्याच्या चिन्हाने बाकी मिळते. संकलन २५० लिटर झाले आणि एका कॅनमध्ये ४० लिटर मावत असतील, तर ‘२५० // ४०’ याचे उत्तर ६ आणि ‘२५० % ४०’ याचे उत्तर १० येते; म्हणजे सहा कॅन भरतात आणि सातव्यात दहा लिटर राहतात.

पायथनमधील पूर्णांक स्मृती पुरेपर्यंत कितीही मोठा होऊ शकतो. जावासारख्या भाषेत तसे नाही. तेथील इंट हा प्रकार ३२ बिटांचा असतो (बिट म्हणजे ० किंवा १ साठवणारी सर्वांत लहान जागा) आणि त्याची वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ एवढी असते. ही संख्या अवाढव्य वाटते, परंतु एखाद्या दूध संघाची उलाढाल पैशांत साठवायची ठरवली तर ती २ कोटी १४ लाख ७४ हजार रुपयांच्या पुढे गेली की मर्यादा संपते, आणि जावा कोणतीही तक्रार न करता ऋण संख्या दाखवू लागते. मर्यादा ओलांडण्याची किंमत किती असू शकते, हे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावलेल्या एरियन ५ या अग्निबाणाने दाखवले. त्यातील ६४ बिटांचे एक फ्लोट मूल्य १६ बिटांच्या पूर्णांकात बदलले जात होते, ज्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. आधीच्या एरियन ४ च्या वेगाला ती पुरत असे. तेथून जसाच्या तसा घेतलेला तो भाग नव्या, अधिक वेगवान अग्निबाणात पुरला नाही आणि सुमारे ४० सेकंदांत उड्डाण संपले.

फ्लोट आणि पैशांचा हिशेब

जे मापाने येते, त्यासाठी फ्लोट घ्यावा. लिटर, फॅट, एसएनएफ ही सगळी मापे आहेत. गाईच्या दुधाचा दर ठरवताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा जो पाया धरला जातो, तोही फ्लोटच. या प्रकाराविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घेणे आवश्यक आहे. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते.

ही पायथनची चूक नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ असे कधीच संपत नाही, त्याचप्रमाणे संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश लिहिताना अंक कधीच संपत नाहीत. संगणकाजवळ जागा ठरावीक असते, म्हणून तो कुठेतरी थांबतो आणि ०.१ च्या अगदी जवळची, पण नेमकी ०.१ नसलेली, संख्या साठवतो. मापासाठी एवढा सूक्ष्म फरक चालतो, कारण मापनपात्राची चूक त्याहून कितीतरी मोठी असते. तोच फरक पुन्हा पुन्हा साचत गेला की प्रश्न गंभीर होतो. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिकांचा मृत्यू झाला. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होती आणि तिच्यात ०.१ हे मूल्य २४ बिटांत कापून साठवलेले होते. सुमारे १०० तास सलग चालल्यावर घड्याळात ०.३४ सेकंदांचा फरक पडला होता, आणि तेवढ्या वेळात असे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते.

यावरून दोन सवयी लावून घ्याव्यात. दोन फ्लोट तंतोतंत समान आहेत का, हे विचारू नये. त्यांच्यातील फरक पुरेसा लहान आहे का, हे विचारावे. आणि पैसे फ्लोटमध्ये साठवू नयेत. ३५ रुपये दर असेल तर ३५०० पैसे असा पूर्णांक ठेवावा, आणि रुपये फक्त छापताना करावेत. मोठ्या हिशेबांसाठी पायथनमध्ये डेसिमल नावाची स्वतंत्र सोयही आहे. राउंड करून सगळे निभावेल असे समजू नये, कारण ‘राउंड(२.६७५, २)’ याचे उत्तर २.६८ न येता २.६७ येते, कारण तेच, साठवलेली संख्या मुळात २.६७५ हून किंचित लहान असते.

स्ट्रिंग, बूलियन आणि काहीच नसणे

स्ट्रिंग म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर. तिची लांबी ‘लेन’ने मिळते, आणि मराठीत लिहिणाऱ्याने येथे थोडे थांबून पाहावे. ‘लेन("मराठी")’ याचे उत्तर ३ न येता ५ येते. आपल्या डोळ्यांना म, रा, ठी अशी तीन अक्षरे दिसतात; युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र स्थान असल्यामुळे पायथन पाच चिन्हे मोजते. म्हणून सभासदाचे नाव पावतीवर बसावे यासाठी पहिली दहा चिन्हे कापून घेतली, तर शेवटच्या अक्षराची मात्रा तुटून नाव बिघडू शकते. शिवाय यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या रीतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे हा एवढासा शब्द साठवायला १५ बाइट लागतात. जुन्या डेटाबेसमध्ये रकान्याची रुंदी बाइटमध्ये ठरवलेली असेल तर हे ध्यानात ठेवावे लागते.

बूलियन या प्रकाराचे नाव इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांच्यावरून पडले. त्याची मूल्ये दोनच, ट्रू आणि फॉल्स, आणि पायथनमध्ये त्यांचे पहिले अक्षर मोठे लिहावे लागते. ‘फॅट >= ३.५’ अशी तुलना केली की बूलियन मिळते. मजकुराचे बूलियन करताना मात्र जपावे: अवतरणचिन्हांत फॉल्स हा शब्द लिहून त्याचे बूलियन केले तर उत्तर ट्रू येते, कारण पायथन शब्दाचा अर्थ पाहत नाही, मजकूर रिकामा आहे की नाही एवढेच पाहते.

एक प्रकार नवशिक्यांना शेवटी शिकवला जातो, तो मला फार आधी शिकवावासा वाटतो. यंत्र बंद असल्यामुळे एखाद्या दिवशी फॅट मोजलेच गेले नाही, तर ‘फॅट = ०’ असे लिहिणे खोटे ठरते. शून्य हे माप आहे. माप न घेणे हे माप नाही. त्यासाठी पायथनमध्ये ‘नन’ हे मूल्य आहे (त्याचेही पहिले अक्षर मोठे). शून्य भरले तर दहा दिवसांची सरासरी गुपचूप खाली येते आणि शेतकऱ्याचा पगार कमी निघतो. नन भरले तर त्यावर गणित करू जाताच प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो आणि त्या दिवसाचे काय करायचे, हे माणसाला ठरवावे लागते. दुसऱ्याच्या कष्टाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रामने अशा वेळी थांबणेच योग्य आहे.

बाहेरून आलेली माहिती

वापरणाऱ्याने भरलेले मूल्य ‘इनपुट’मधून येते आणि ते नेहमी स्ट्रिंगच असते. हे विसरल्यास काय होते, ते पाहण्यासारखे आहे. सकाळचे ८.५ आणि संध्याकाळचे ६ भरले आणि दोन्हींची बेरीज केली, तर प्रोग्राम बिनतक्रार ८.५६ छापतो. स्ट्रिंगसाठी अधिकचे चिन्ह म्हणजे जोडणी, म्हणून ‘८.५’ला ‘६’ चिकटला; आणि आलेले उत्तर दुधाच्या लिटरसारखेच दिसते, त्यामुळे ते चुकीचे आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. खरी बेरीज १४.५ आहे. म्हणून बाहेरून आलेले मूल्य आत येतानाच योग्य प्रकारात बदलून घ्यावे.

सभासद = इनपुट("सभासद क्रमांक: ")
सकाळ = फ्लोट(इनपुट("सकाळचे लिटर: "))
संध्याकाळ = फ्लोट(इनपुट("संध्याकाळचे लिटर: "))
दर_पैसे = ३५००
एकूण = सकाळ + संध्याकाळ
रक्कम_पैसे = राउंड(एकूण * दर_पैसे)
प्रिंट(सभासद, एकूण, रक्कम_पैसे / १००)

सभासद क्रमांक ०१७ आणि वरचेच लिटर भरले तर ०१७, १४.५ आणि ५०७.५ असे छापले जाते. सभासद क्रमांक बदललेला नाही, म्हणून पुढचे शून्य टिकले. लिटर फ्लोट झाले. रक्कम पैशांत पूर्णांक राहिली. येथे एक सुखद गोष्ट सांगण्यासारखी आहे: प्रोग्रामच्या ओळीत देवनागरी अंक चालत नसले, तरी वापरणाऱ्याने ‘८.५’ हे देवनागरी अंकांत भरले तर फ्लोट ते बरोबर ओळखते.

आता मुद्दाम चुकीचे भरून पाहावे. ‘आठ’ असे अक्षरी लिहिले, किंवा दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम दिला, तर व्हॅल्यूएरर नावाची त्रुटी येते. म्हणजे मजकूर मिळाला, पण त्याची संख्या होत नाही. संख्येत मजकूर मिळवू पाहिला तर टाइपएरर येते. म्हणजे या दोन प्रकारांत ही क्रियाच होत नाही. त्रुटीच्या मजकुराची शेवटची ओळ आधी वाचली की चूक कोणत्या जातीची आहे, हे बहुतेक वेळा कळते, आणि ती प्रोग्रामच्या कोणत्या ओळीत आहे, हे त्याच मजकुरात वर दिलेले असते. मग सकाळच्या लिटरमध्ये उणे ८.५ किंवा ८५० भरून पाहावे. प्रोग्राम दोन्ही निमूटपणे स्वीकारतो, कारण प्रकाराच्या दृष्टीने ते निर्दोष फ्लोट आहेत. एका सभासदाचे दूध उणे असू शकत नाही, हे प्रकाराला ठाऊक नसते; ते सांगण्यासाठी गणिताच्या ओळीआधी ‘० <= सकाळ <= १००’ अशी तुलना घालावी, आणि तिचे बूलियन उत्तर फॉल्स आले तर लिटर पुन्हा विचारावेत. वरची मर्यादा १०० ठेवायची की आणखी काही, हे त्या केंद्रावर रोज माप घेणाऱ्या माणसाला विचारून ठरवावे.